दाराआडची तार

“कुलूप उघडा, न्हाईतर मी दातानं तोडतो,” मी ओरडत होतो. “माणूस मरायलंय आन् तुमी औषध कुलपात ठिवलंय. लोणचं हाय का ते? मुरायचंय का अजून?”

परभणीच्या त्या दवाखान्यातल्या बायकांच्या वॉर्डात सकाळचे दहा वाजले होते, आणि आवाज कंडक्टरचा होता. मी परभणीच्या स्टँडवर उभं राहून ‘चला जिंतूर, येलदरी’ म्हटलं की जिंतूरच्या स्टँडवर लोक पिशव्या उचलतात. हे खरं नाही. पण त्या रस्त्यावर कुणालाही विचारा, तो हो म्हणेल, कारण त्याला ते मीच सांगितलेलं असतं. येलदरी धरणाचे दरवाजे माझ्या शिट्टीवर उघडतात, हेही मीच पसरवलं आहे.

वॉर्डाच्या टोकाला करड्या रंगाचं लोखंडी कपाट होतं. त्याला पितळी कुलूप, सुपारीएवढं. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या भावानं मला सांगितलं होतं की खरं जालीम इंजेक्शन त्या कपाटात असतं आणि ते सगळ्यांना देत नाहीत. माझी बायको तिसऱ्या दिवशीही तापानं फणफणत होती, तिचं ब्लडप्रेशर खाली चाललं होतं. मी कपाटापुढे जाऊन उभा राहिलो आणि सुरू झालो. सिस्टर बिचारी भिंतीला टेकली. सलाइन लावलेल्या बायासुद्धा उठून बसल्या.

डॉक्टरीण बाई आल्या. माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहानच असतील. हातात एक छापील फॉर्म, अर्धा भरलेला.

“काका, किल्ली माझ्याकडं आहे. ओरडायचं तर माझ्यावर ओरडा. सिस्टरांनी काय केलंय?”

“मग उघडा.”

“उघडायलाच आले आहे. लघवीचा रिपोर्ट आत्ता फोनवर कळला. आपण देत होतो ते औषध तिच्या जंतूंवर चालतच नाही.”

म्हणजे मी ज्यासाठी वॉर्ड डोक्यावर घेतला होता, ते होणारच होतं. तरी मी आणखी थोडा वेळ ओरडलोच. गाडी उतारावर असली की ब्रेक दाबल्यावरही दहा-वीस पावलं जातेच. औषध कुलपात कशाला, गरिबाला एक न्याय आणि श्रीमंताला एक का, असं बरंच. बाई फॉर्म भरता भरता म्हणाल्या, “हे शेवटचं औषध आहे काका. ऊठसूट सगळ्यांना दिलं तर उद्या हेही चालणार नाही. म्हणून कारण लिहायचं, सही करायची, मग कुलूप उघडायचं. आमच्यावरच घातलेलं कुलूप आहे ते.” मग पेन थांबवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “तुम्हाला परत विचारते. याआधी त्यांनी कोणती अँटिबायोटिक घेतली होती? काहीच घेतलं नसेल तर इतकी औषधं एकदम निकामी सहसा होत नाहीत.”

मी गप्प बसलो. जन्मात मी गप्प बसलो असे प्रसंग फार नाहीत. आई गेली तेव्हाही मी बोलत होतो.

आता ते पाकिटांचं सांगितलं पाहिजे.

माझ्या रस्त्यावरच्या निम्म्या गावांत औषधाचं दुकान नाही. म्हणून सकाळी गाडी थांबली की खिडकीतून हात यायचा, आणि हातात गोळ्यांचं रिकामं पाकीट. “कंडक्टर, असंच आणा.” डॉक्टरची चिठ्ठी आमच्याकडं कुणी जपत नाही, ती पावसात भिजते, चुलीत जाते. पाकीट मात्र जपतात. पदराच्या गाठीत, टोपीच्या आत, देवाच्या फोटोमागं. चार वर्षांपूर्वी कुण्या डॉक्टरनं कुण्या दुखण्याला दिलेलं औषध, त्याचं पाकीट घरभर फिरतं. सासूला गुण आला म्हणून सुनेला, सुनेला आला म्हणून दिराला. मी परभणीला उतरलो की स्टँडबाहेरच्या दुकानात पाकीट दाखवायचो, दुकानदार माझं तोंड बघून तसलंच नवं द्यायचा, आणि परतीच्या फेरीला ते ज्याच्या त्याच्या हातात पडायचं.

पूर्ण पाकीट कुणालाच नको असायचं. कुणाला चार, कुणाला दोन. तिकिटं फाडायचे दिवस गेले, मशीन आलं, पण तिकिटं टोचायचा माझा जुना चिमटा मी परत केलेला नाही. त्या चिमट्यानं मी पाकिटाचे तुकडे पाडायचो, टिकटिक, चालत्या गाडीत, एका हातानं वर धरून. उरलेल्या गोळ्या माझ्याकडं राहायच्या. हळूहळू लोक रिकामं पाकीट आणायचेच थांबले. नुसतं म्हणायचे, “कंडक्टर, पोराला ताप हाय.” की मी पेटी उघडलीच. खोकल्याला काळी-लाल कॅप्सूल, जुलाबाला पिवळी गोळी, ताप असेल तर दोन्ही. दुसऱ्या दिवशी ताप उतरलेला असायचा. तो आपोआपही उतरला असता, पण गुण माझ्या नावावर लागायचा. येलदरीच्या मासे धरणाऱ्यांपासून जिंतूरच्या शिक्षकांपर्यंत सगळे मला डॉक्टर म्हणायला लागले, आणि मला ते साखरेसारखं गोड लागायला लागलं.

रिकामी पाकिटं मी फेकत नसे. पेडगावच्या माझ्या घरात, पुढच्या दाराच्या आड, एक वाकडी तार टांगलेली होती. दुकानदार जसल्या तारेत कागद खोचून ठेवतात तसली. तिच्यावर मी पाकीट ओवायचो. पाहुणा आला की दार लोटून दाखवायचो. “हे बघा. सतरा गावांचा दवाखाना.”

बायको आतून म्हणायची, “अर्धं करा.”

ही तिची लग्नापासूनची खोड. मी काहीही सांगितलं की तिचं ठरलेलं असायचं, अर्धं करा. मी म्हणालो, घाटात रानडुकरांचा कळप आडवा आला, चाळीस होती. अर्धं करा. बरं, वीस. परत करा. शेवटी एक डुक्कर राहायचं, आणि तेही कुत्रं असायचं. ती हे रागानं म्हणत नसे. भाकरी थापता थापता, मान न वळवता म्हणायची. सतरा गावांची साडेआठ झाली तेव्हा पाहुण्यानं विचारलं, अर्धं गाव कोणतं. ती म्हणाली, “हेच. इथं मी एकटीच ह्यांच्या गोळ्या खाते.”

ते खरं होतं.

तिला उन्हाळी लागायची. बाईमाणसाला लघवीला जळजळ, कंबर धरते, थेंब थेंब होतं, ते दुखणं. कापूस वेचायला, सोयाबीन काढायला बाया सकाळी जातात त्या दिवस बुडताना परततात. उघड्या रानात आडोसा नसतो, गडीमाणसं बांधावर असतात. म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. दिवसभर दाबून धरतात. मग उन्हाळी लागते, आणि हे दुखणं पुरुष डॉक्टरला कोण सांगणार? तिनं मला सांगितलं. घरचाच डॉक्टर. मी चिमटा काढला, दोन कॅप्सूल तोडल्या. “एक आत्ता, एक सकाळी.”

दुसऱ्या दिवशी जळजळ गेली. तिनं बाकीच्या गोळ्या ठेवून दिल्या, पुढच्या वेळेला होतील म्हणून. दोन महिन्यांनी पुढची वेळ आलीच. मग दर पावसाळ्यात, मग पावसाळ्याचीही गरज राहिली नाही. दोन कॅप्सूलनं भागेना तेव्हा चार. काळी-लाल चालेना तेव्हा पिवळी. पिवळी चालेना तेव्हा दुकानदारानं खडूएवढी पांढरी गोळी दिली, म्हणाला, ही नवी आहे, भारी आहे. भारी म्हटलं की मला अभिमान वाटायचा. माझी बायको भारी गोळी खाते. एकदा ती म्हणाली होती, “अहो, एकदा बाई डॉक्टरला दाखवू का परभणीत?” मी म्हणालो, “मी काय करायलोय मग?”

तिची पाकिटंही त्याच तारेवर जायची. माझ्या प्रवाशांच्या पाकिटांत मिसळू नयेत म्हणून ती त्यांच्यावर कुंकवाचं बोट लावायची.

थंडी वाजून ताप आला तो मंगळवारी पहाटे. पाठीच्या उजव्या बाजूला हात लावू देईना. सकाळच्या पहिल्या गाडीनं मी तिला परभणीला नेलं. त्या गाडीवर माझा ओळखीचा कंडक्टर होता, त्यानं तिला आपल्या सीटवर बसवलं. तिनं एवढ्या तापातही त्याला विचारलं, “भाऊ, तुमच्या गाडीला डुकरं आडवी येत न्हाईत का?”

दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी तपासलं. मूत्रपिंडापर्यंत जंतू गेलेत, म्हणाल्या. लघवी, रक्त तपासायला घेतलं. कोणत्या औषधाला जंतू दाद देतात हे कळायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणाल्या, तोवर आपण अंदाजानं औषध सुरू करायचं, आणि अंदाज बरोबर यावा म्हणून विचारते. याआधी असा त्रास झाला होता का? कोणत्या गोळ्या घेतल्या?

हे विचारायच्या आधी काय झालं होतं तेही सांगतो. शेजारच्या खाटेवरच्या त्याच बाईच्या भावानं सांगितलं होतं की आम्ही आमच्या मनानं गोळ्या दिल्या. बाईंनी त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं होतं. आवाज न चढवता, पण एकेक शब्द मोजून. तो खाली मान घालून उभा होता, पन्नाशीचा माणूस. मी ते बघितलं. आणि मी तर नुसता घरात देणारा नव्हतो, अख्ख्या लाइनीला देणारा होतो. डेपोत कळलं तर? आणि डेपोचंही राहू द्या. मी डॉक्टर होतो. ह्या पोरीसमोर मी खाली मान घालणार?

“काहीच न्हाई,” मी म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी कधी तेवढ्यावर थांबलो आहे? “आमच्या घरात साधी डोकेदुखीची गोळी येत न्हाई बाई. कडुलिंबाचा पाला आन् गवती चहा. लग्नापासून सुई टोचून घेतलेली न्हाई तिनं.”

बाई हसल्या. पहिल्यांदाच हसल्या. “छान,” म्हणाल्या, आणि कागदावर लिहिलं.

तेवढ्यात माझ्या शर्टाला खालून ओढ बसली. बायकोनं शर्टाचं टोक धरलं होतं. ओठ कोरडे पडलेले. ती म्हणाली, “अहो. अर्धं तरी सांगा.”

“काय म्हणतात त्या?” बाईंनी विचारलं.

“तापात बरळायली,” मी म्हणालो.

तिनं शर्ट सोडला. माझ्याकडं बघितलं नाही. वर फिरणाऱ्या पंख्याकडं बघत राहिली. त्यानंतर तिनं दवाखान्यात त्याबद्दल एक शब्द काढला नाही, कारण मी एकदा ती बरळते म्हटलं होतं आणि चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं तिच्या स्वभावात नव्हतं. ती अर्धं करायची ते घरात.

तिसऱ्या दिवशी मी कपाटापुढे ओरडलो, कुलूप उघडलं, ते औषध सुरू झालं. दुपारी रिपोर्टचा कागद आला. बाईंनी मला तो दाखवला, बोट ठेवून. एका बाजूला औषधांची नावं, समोर एकेक अक्षर. आर म्हणजे चालत नाही, एस म्हणजे चालतं. वरपासून खालपर्यंत आर, आर, आर. मला आमच्या गाडीचा थांब्यांचा तक्ता आठवला. एकेका थांब्यावर मीच काहीतरी उतरवून आलो होतो आणि आता तिथं गाडी थांबत नव्हती. अगदी तळाला एक एस होता. कपाटातला.

चौथ्या दिवशी तिनं डोळे उघडले. ताप उतरला होता, पण लघवी थांबली होती, हातपाय सुजले होते. मी तिच्या कानाशी वाकलो आणि मला जे येतं तेच केलं. म्हणालो, “अगं, तू बघायला पायजे होतंस. मी असा ओरडलो, असा ओरडलो, की ते कुलूप आपोआप गळून पडलं. दवाखान्याच्या काचा तडकल्या. गंगाखेडच्या कारखान्याचा भोंगा बंद पडला.”

तिचे ओठ हलले. आवाज आला नाही. काय म्हणाली ते मी ऐकलं नाही, पण मला ते ऐकायची गरज नव्हती.

“बरं,” मी म्हणालो, “भोंगा न्हाई. नुसत्या काचा.”

पाचव्या दिवशी दुपारी ती गेली. औषध योग्य होतं, बाई म्हणाल्या, शरीर थकलं होतं.

पुढचे दहा दिवस लोक भेटायला येत राहिले. जिंतूर रस्त्यावरची माणसं गाडी बदलून पेडगावला आली. प्रत्येकाला काय झालं ते सांगावं लागे, आणि मी सांगे. पहिल्या दिवशी कुलूप सुपारीएवढं होतं. तिसऱ्या दिवशी ते नारळाएवढं झालं. पाचव्या दिवशी कपाटाला साखळदंड लागले, मी हातांनी ते तोडले आणि डॉक्टर पळून गेल्या. लोक ऐकत, हळहळत, डॉक्टरांना शिव्या देत. चहाच्या कपबश्या मुलगी उचलत असे. स्वयंपाकघर माझ्या पाठीमागं होतं. प्रत्येक वेळी गोष्ट संपली की मी थोडा थांबायचो. मागून काही येत नव्हतं. म्हणून गोष्ट वाढत गेली. तिला अडवायला कुणी नव्हतं.

दहाव्या दिवशी विधी उरकून आम्ही घरी आलो. दिवसभर धुळीचा वारा होता, म्हणून मुलीनं पुढचं दार लावून घेतलं. आमचं दार दिवसा कधी लागलेलं नसतं. दार लागलं आणि तार समोर आली. माझी साडेआठ गावं. त्यांच्यामधून खालपासून वरपर्यंत कुंकवाची बोटं. खालची काळवंडलेली, मधली तपकिरी, वरची लाल.

मी ती मोजली नाहीत. मोजून आकडा निघाला असता, आणि तो अर्धा करायला घरात कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तार पिशवीत घालून मी परभणीला गेलो. बाई ओपीडीत होत्या. मला ओळखलं, खुर्ची दिली. मी तार टेबलावर ठेवली. पिशवीतून काढतानाच तिचा खुळखुळ आवाज झाला आणि रांगेतले पेशंट वळून बघायला लागले. मी खाली मान घातली. ती किती सहज खाली जाते ते मला त्या दिवशी कळलं.

“हे कुणाचं?” त्यांनी विचारलं.

“लाल बोट लावलेली तिची. बाकीची लोकांची. सगळी मीच दिलेली.”

त्यांनी मला फैलावर घेतलं नाही. तेवढं तरी करायला पाहिजे होतं. त्या एकेक लाल पाकीट उलटं करून वाचत गेल्या. बाहेर रांग ताटकळत होती. एका पांढऱ्या पाकिटावर त्यांचं बोट जरा जास्त वेळ थांबलं. मग पुढं सरकलं.

“बाई,” मी म्हणालो, “पहिल्या दिवशी ही तार आणली असती तर?”

“पहिल्याच दिवशी कपाट उघडलं असतं.”

“आन् मग ती…”

“ते मला सांगता येणार नाही, काका. मी सांगूही नये.” त्यांनी तार माझ्याकडं सरकवली. “लोकांची पाकिटं माझ्याकडं ठेवून जाता? कोणकोणती औषधं गावांत जातात ते तरी कळेल.”

मी ती तिथं बसूनच तारेवरून काढली. लाल बोटांची तेवढी परत आणली.

त्यानंतरच्या सोमवारी मी ड्युटीवर निघालो. खाकी घातली, पेटीतल्या सगळ्या गोळ्या काढून टाकल्या होत्या, चिमटा मुलीकडं दिला होता. ओट्याखाली उतरलो तर शेजारची मावशी उभी. सत्तरीची असेल, माझ्या बायकोबरोबर जन्मभर कापूस वेचायला गेलेली. तिनं पदराची गाठ सोडली आणि एक पाकीट माझ्या हातात ठेवलं. काळ्या-लाल कॅप्सूलचं.

“बाबा, उन्हाळी लागलीय. असल्या चार आण.”

गाडीला वेळ होता. नसता तरी मी बसलो असतो. तिच्या ओट्यावर तिच्या शेजारी बसलो आणि तिला सगळं सांगितलं. कपाटाला एकच कुलूप होतं आणि ते सुपारीएवढं होतं. डॉक्टरनं विचारलं होतं आणि मी खोटं बोललो होतो. बायकोनं माझा शर्ट ओढला होता आणि मी तिला बरळायली म्हणालो होतो. ती पंख्याकडं बघत राहिली. हीच कॅप्सूल मी तिला दोन-दोन करून वर्षानुवर्षं दिली, आणि त्या दोन-दोनमुळंच शेवटी तिला कशाचाच गुण येईना. एकही काच तडकली नाही, एकही डुक्कर आडवं आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट आहे तेवढीच सांगितली. म्हणालो, “मावशी, बाई डॉक्टर हाय तिथं. चल माझ्यासंगं, मी घिऊन जातो. पण ह्या कॅप्सूल घिऊ नको. लय वाईट हायेत ह्या अशा.” आणि पाकीट तिच्या हातात परत दिलं.

तिनं सगळं ऐकलं. मध्ये एकदा पदरानं डोळे पुसले. “गुणाची होती बाई,” म्हणाली. मग हातातलं पाकीट उलटसुलट करून बघितलं, आणि ते पुन्हा माझ्या तळहातावर ठेवलं.

“मग दोनच आण.”